शिवाजीनगरची मेरीमाता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



बंगळूरशी आपले नाते शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे. त्याच शहरातील शिवाजीनगरच्या सेंट मेरीज बॅसिलिकेविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

जिंजी म्हटले की आपणांस छत्रपती राजाराममहाराज आठवतात. त्याच जिंजीकडून आलेल्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबांनी, पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीत, गवताने शाकारलेले छोटेसे प्रार्थनामंदिर उभारले. पुढे फादर क्लायनर यांनी आजची वास्तू बांधविली. ८ सप्टेंबर १८८२ रोजी तिचे पवित्रीकरण झाले. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या आणि सुमारे १६० फूट उंचीचा मनोरा ही तिची गॉथिक लक्षणे. १९७३ साली पोप सहावे पॉल यांनी तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

वास्तूची शैली युरोपातील. परंतु आतील मेरीमाता साडी नेसलेली आहे. सप्टेंबरच्या उत्सवात तिचा रथ निघतो आणि नवस फेडावयास सर्व धर्मांचे लोक येतात. परमुलखात आलेल्या त्या माणसांनी आपली भाषा व रीत टाकली नाही, आणि दार मात्र कोणासही लावले नाही. पन्नाशी गाठलेल्या आपल्या मंडळाने पुढील वाटचालीत एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.