चाल, तोल आणि आपली नोकरी

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर "माणसाचे चालणे" हा विषय वाचून काही सभासदांनी आम्हाला विचारले, महागाई भत्ता, रोस्टर, रिक्त जागा हे प्रश्न संपले की काय? संपलेले नाहीत, आणि त्यांवर उद्याच्या सत्रात बोलायचेच आहे. पण ज्या पायांवर आपली नोकरी उभी आहे, त्या पायांविषयी युनियनने एकदा तरी बोलले पाहिजे. की-मन रोज आपली बीट तपासत एका रुळाच्या बाजूने जातो आणि दुसऱ्या रुळाच्या बाजूने परत येतो. पेट्रोलमन पावसाळ्यात रात्री लाइन धरून चालतो. पॉइंट्समन यार्डात दोन गाड्यांच्या मधून ये-जा करतो. पोस्टमन सायकल खाली लावून जिने चढतो. आपल्यापैकी हजारो जणांची हजेरी खऱ्या अर्थाने पायांनीच लागते.

चालणे म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. एका पायाची टाच जमिनीला लागली, की तीच टाच पुन्हा लागेपर्यंत चालीचे एक चक्र पूर्ण होते. या चक्रात साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात तो वेळ जेमतेम २० टक्के. म्हणजे चालताना बहुतेक वेळ माणसाचा सगळा भार एकाच पायावर असतो. प्रत्येक पावलाला शरीर पुढे कलते, पडायला लागते, आणि दुसरा पाय पुढे येऊन त्याला सावरतो. आपण दिवसाला हजारो वेळा पडता पडता सावरतो, आणि ते आपल्या गावीही नसते.

हे सावरण्याचे काम तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींवर चालते. पहिली खबर डोळ्यांची. दुसरी आतल्या कानाची. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कसे वळले ते सांगतात. तिसरी तळपायाची, स्नायूंची आणि सांध्यांची. जमीन कशी आहे, घोटा किती वाकला, हे ती सांगते. या तिन्ही खबरी मेंदूत पोहोचतात, लहान मेंदू त्यांचा मेळ घालतो आणि पायांना हुकूम सुटतो. स्टेशनमास्तर, केबिन आणि गेट यांचा संपर्क चालू असेल तरच गाडी सुरळीत जाते, तसेच हे आहे. एक तार तुटली तर उरलेल्या दोन काही काळ भार ओढतात. दोन तुटल्या की माणूस पडतो.

या विषयाचा अभ्यास फार जुना आहे. जर्मनीतील वेबर बंधूंनी १८३६ साली चालण्याच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये मारे या शास्त्रज्ञाने बुटाच्या तळाशी हवेची पोकळी बसवून पाऊल केव्हा टेकते आणि केव्हा उचलते, याची नोंद घेतली. पुढे १८८० नंतर त्याने एकामागून एक छायाचित्रे घेऊन चाल टिपली. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेले सैनिक घरी परतले, तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालीचा कसून अभ्यास केला. चांगला कृत्रिम पाय बनवायचा, तर खरा पाय काय काय करतो ते आधी कळायला हवे होते.

या इतिहासातली दोन नावे कामगारांनी मुद्दाम लक्षात ठेवावीत. पहिले जेम्स पार्किन्सन. लंडनच्या या डॉक्टरने १८१७ साली कंपवातावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांपैकी काही त्याला रस्त्याने चालताना दिसलेले होते. नुसती चाल पाहून त्याने रोग ओळखला. हाच माणूस लंडन करस्पाँडिंग सोसायटीचा सभासद होता. कारागिरांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडणारी ही संघटना थॉमस हार्डी नावाच्या चांभाराने १७९२ साली उभी केली होती. पार्किन्सन टोपणनावाने पत्रके लिहीत असे, आणि १७९४ साली राजाच्या सल्लागार मंडळापुढे त्याची साक्षही झाली.

दुसरे नाव आपल्या देशातले, जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा. शाळेचे शिक्षण अगदी थोडे, पण हात कसबी. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नसे. तो घालून उकिडवे बसता येत नसे, शेताच्या बांधावर चालता येत नसे. शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबर आणि लाकूड वापरून असा पाय बनवला, की तो अनवाणी चालतो, उकिडवा बसतो आणि उंचसखल जमिनीवर वळतो. तोच जयपूर फूट. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमचे म्हणणे इतकेच, की आपला माणूस कसा बसतो आणि कुठे चालतो हे एका कारागिराच्या नजरेने पाहिले, म्हणून हे काम झाले.

आता आजारांकडे येऊ. कंपवाताचा रोगी बारीक, घासत पावले टाकतो, चालताना त्याचे हात हलत नाहीत, आणि दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखा तो थबकतो. अशा रोग्यापुढे जमिनीवर स्लीपरसारख्या आडव्या पट्ट्या आखल्या, तर त्या ओलांडत तो चालू लागतो, असे अनेकदा दिसून आले आहे. अर्धांगवायूचा रोगी ताठ पाय बाहेरून गोल फिरवून पुढे आणतो. पाय वर उचलणारी नस दुखावली, तर पाऊल लोंबते आणि माणूस गुडघा उंच उचलून टाकतो. लहान मेंदूच्या विकारात माणूस पाय फाकवून झोकांड्या देत चालतो. मेंदूतील पोकळ्यांत पाणी साठण्याचा एक विकार उतारवयात होतो. त्यात पाय चुंबकाने धरल्यासारखे जमिनीवरून सुटत नाहीत, स्मरण कमी होते, लघवीवर ताबा राहत नाही. "म्हातारपण आले" म्हणून घरचे गप्प बसतात. पण वेळेवर ओळखले, तर शस्त्रक्रियेने नळी बसवून पुष्कळांची चाल सुधारते.

आणि आपल्या सभासदांत नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे मधुमेह. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, की तळपायाच्या नसा मरतात. तळव्याची खबर बंद पडते. मग माणूस खाली पाहत, पाय आपटत चालतो. दिवसा डोळ्यांच्या आधाराने निभावते. अंधार पडला की तोल जातो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असेच होते. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहिल्यावर रोगी डोलू लागतो. जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ही तपासणी आजही ओळखली जाते. एक रुपयाही न लागणारी ही तपासणी आहे. मात्र ती करताना शेजारी कोणी तरी धरायला उभे हवे.

हा प्रश्न युनियनचा कसा होतो, ते सांगतो. आमच्या एका शाखेतला गँगमन, वय अठ्ठेचाळीस. संध्याकाळी काम आटोपून परतताना तो अडखळायचा. वरिष्ठांनी दारू पिऊन कामावर आल्याचा ठपका ठेवला आणि चार्जशीट दिली. त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. शाखेच्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन चौकशी केली, तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, "भाऊ, रात्री मोरीत दोनदा पडले. चप्पल पायातून निसटली तरी यांना कळत नाही." वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरला, तेव्हा जुना मधुमेह निघाला, दोन्ही तळपाय बधिर होते. चार्जशीट मागे घेतली गेली आणि त्याला बसून करण्याचे काम मिळाले. आधी का बोलला नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "साहेब, डी-कॅटेगराइज केले तर पोरांनी काय खायचे?"

बंधूंनो, या भीतीनेच आपली माणसे आजार लपवतात आणि लाइनवर जीव गमावण्याचा धोका पत्करतात. म्हणून कायदा पाठ करून ठेवा. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २०, पोटकलम ४: नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढता कामा नये, की त्याचा दर्जा कमी करता कामा नये. तो पहिल्या कामाला योग्य राहिला नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचे. तसे पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचे. १९९५ च्या कायद्यातही कलम ४७ मध्ये हे संरक्षण होते. २०१६ च्या कायद्याच्या यादीत कंपवाताचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. हे हक्क कोणी मेहेरबानीने दिलेले नाहीत, आणि माहीत नसतील तर त्यांचा उपयोगही नाही.

आता कामाच्या जागेकडे पाहू. किलोमीटरला १६६० स्लीपर या हिशेबाने दोन स्लीपरमधले अंतर सुमारे ६० सेंटीमीटर पडते. सपाट रस्त्यावर प्रौढ पुरुषाचे पाऊल साधारण ७० ते ७५ सेंटीमीटर पडते. म्हणजे स्लीपरवरून चालणाऱ्याला प्रत्येक पाऊल आखडते घ्यावे लागते. स्लीपर सोडला तर खाली गिट्टी. ती पायाखाली सरकते आणि घोटा आत-बाहेर वळतो. गिट्टीवरच्या चालण्याचा अमेरिकेत प्रयोगशाळेत अभ्यास झाला आहे. मेन लाइनच्या मोठ्या खडीवर घोट्याची आडवी हालचाल चालण्यासाठी टाकलेल्या बारीक खडीपेक्षा जास्त होते, असे त्यात दिसले. त्यात एका खांद्यावर हत्यारे किंवा टपालाची पिशवी असली, की शरीर एका बाजूला कलते आणि तोल राखायला पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात.

याचा अर्थ चालणे वाईट, असा कोणी घेऊ नये. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी बस कामगारांचा अभ्यास करून १९५३ साली दाखवून दिले, की बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. त्याच अभ्यासात टपाल खात्यातही टेबलावर बसणाऱ्यांपेक्षा फिरणाऱ्या पोस्टमनला तो कमी आढळला. चालणे हे औषध आहे. वाईट आहे ती वाट, वाईट आहे ते ओझे, वाईट आहेत ते फाटके बूट.

आणखी एक संशोधन आपल्या मागणीला थेट बळ देणारे आहे. १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धांच्या निवासातील ५८ जणांना चालता चालता बोलते केले. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. चालायलाही मेंदू खर्ची पडतो, आणि तोल कमजोर झालेल्या माणसाचा मेंदू दोन कामे एकदम निभावू शकत नाही. आता की-मनचा विचार करा. डोळे रुळावर, कान गाडीच्या शिट्टीकडे, पाय गिट्टीवर, खांद्यावर हत्यारे, आणि वय पन्नाशीच्या पुढे. एका माणसाला एकाच वेळी किती गोष्टींचे भान ठेवायला सांगणार? लाइनवर दुसरा माणूस हवा, ही मागणी चैनीची नाही. तिला शास्त्राचा आधार आहे. आणि याच न्यायाने, लाइनवर चालताना मोबाइलवर बोलणे ही आपली चूक आहे, हेही आपण आपसात स्पष्ट बोलले पाहिजे.

घरी करण्यासारख्या दोन तपासण्या सांगतो. खुर्चीवरून उठा, तीन मीटर नेहमीच्या चालीने जा, वळा, परत येऊन बसा. वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. दुसरी, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. ब्राझीलमधील ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांवरचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. पाचातल्या एकाला हे जमले नाही, आणि सुमारे सात वर्षांत जमलेल्यांपैकी ४.६ टक्के, तर न जमलेल्यांपैकी १७.५ टक्के दगावले. न जमणाऱ्यांचे वय आणि आजार जास्त होते, हे खरे. पण तो फरक वजा करूनही धोका जास्तच राहिला. घाबरण्याचे कारण नाही. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे २०१९ साली १०८ चाचण्या एकत्र तपासून निष्पन्न झाले आहे. भिंतीला हात टेकून रोज पाच मिनिटे एका पायावर उभे राहा. आमच्या निवृत्त सभासदांना हे विशेष सांगणे आहे.

शाखांनी पुढील मागण्यांचे ठराव करून पाठवावेत. एक, नियतकालिक वैद्यकीय तपासणीत दृष्टीइतकेच महत्त्व तळपायाच्या संवेदनेला आणि तोलाला मिळावे. दोन, अडखळणाऱ्या कामगारावर दारूचा ठपका ठेवण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी. तीन, रुळालगतची पायवाट मोकळी व सपाट ठेवावी आणि घोट्याला आधार देणारे बूट वेळेवर मिळावेत. चार, हत्यारांचे आणि टपालाचे ओझे दोन्ही खांद्यांवर वाटले जाईल अशी पिशवी द्यावी. पाच, लाइनवर एकट्याला पाठवू नये.

आणि एक काम कोणाकडेही न मागता आपले आपण करायचे आहे. रोज हजेरीला शेजारी उभा राहणारा सोबती गेल्या वर्षी कसा चालत होता आणि आज कसा चालतो, हे डॉक्टरच्या आधी आपल्याला दिसते. त्याची चाल बदलली, तर त्याची थट्टा करू नका. त्याला बाजूला घेऊन विचारा, दवाखान्यात सोबत जा, आणि नोकरी जाणार नाही, कायदा आणि युनियन पाठीशी आहे, हे त्याला सांगा.

कामगार एकजुटीचा विजय असो!