पाडल्यावर किल्ल्या कोणाकडे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही व्याख्यानाला सरावलेली बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदापासून ग्रंथालयापर्यंत जे हाती लागेल ते. यंदा बाहेरचा वक्ता न आणता सभासदांनीच बोलायचे असे ठरले आणि चिटणीसबाईंनी विषयांच्या चिठ्ठ्या केल्या. कुणाला उन्हाळी वाळवणे आली, कुणाला मुलांचे दात आले, आणि माझ्या हाती चिठ्ठी आली ती ‘अल्पमतातले सरकार विरोधकांनी पाडावे काय?’ मी म्हटले, बाई, बदलून द्या. त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडे रोज वर्तमानपत्र येते ना? मग बोला.’ तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

आधी हिशेब सांगते. लोकसभेत निवडून आलेले सभासद ५४३, म्हणजे निम्म्याहून जास्त व्हायला २७२ लागतात. ज्या सरकारची स्वतःची माणसे तेवढी नाहीत आणि जे दुसऱ्यांच्या ‘बाहेरून पाठिंब्या’वर उभे असते, ते अल्पमतातले. बाहेरून पाठिंबा म्हणजे आपण पंगतीला बसायचे नाही, पण वाढपी कोण असावा ते आपण ठरवायचे! अविश्वासाचा ठराव मांडायलाही निदान ५० सभासदांचा पाठिंबा लागतो. असा पहिला ठराव आचार्य कृपलानींनी १९६३ साली पंडित नेहरूंच्या सरकारवर आणला. त्याच्या बाजूने ६२ मते पडली आणि विरुद्ध ३४७. तो काही सरकार पाडायला आणलेला नव्हता, बोलायला आणलेला होता, आणि त्यातही काही वाईट नाही. घरात ऐकून घेणारे कुणी नसले की आपणही भांडी जरा जोरात ठेवतोच.

पाडण्याची खरी गोष्ट आपल्या साताऱ्याच्याच खासदारांची आहे. १९७९ साली यशवंतराव चव्हाण लोकसभेत विरोधी पक्षनेते होते. ११ जुलैला त्यांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. तेव्हा जनता पक्षाचे बहुमत मोठे होते, पण आतून भिंत पोखरलेली. एकेक करून माणसे बाहेर पडू लागली आणि १५ जुलैला, मतदान होण्याआधीच, मोरारजींनी राजीनामा दिला. मग राष्ट्रपती संजीव रेड्डींनी पहिल्यांदा कुणाला विचारले? यशवंतरावांनाच. त्यांनी चार दिवस खटपट केली आणि जमत नाही म्हणून कळवले. आमच्या सासूबाई तेव्हा तिशीच्या होत्या. त्या अजून सांगतात, ‘अगं, आळीत बायका पेढ्यांची भाषा करीत होत्या. आपल्या जिल्ह्याचा माणूस पंतप्रधान होणार म्हणून! आणि मग सगळे गप्प.’ यशवंतराव चुकले का, असे मी विचारले, तर म्हणाल्या, ‘जमत नाही असे तोंडाने म्हणाले, तेवढे तरी कितीजण म्हणतात?’

पुढे २८ जुलैला चौधरी चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. हे सरकार मात्र खरोखर अल्पमतातले. त्याचा टेकू होता इंदिरा गांधींच्या काँग्रेसचा, म्हणजे ज्यांच्याशी कालपर्यंत वैर त्यांचाच. २० ऑगस्टला सभागृहात विश्वास सिद्ध करायचा होता. ऐन वेळी टेकू काढून घेतला गेला आणि चरणसिंगांनी सभागृहाला तोंड न दाखवताच राजीनामा दिला. अवघे २३ दिवस. एकदाही लोकसभेपुढे उभे न राहिलेले पंतप्रधान ते एकटेच. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली आणि पुढची निवडणूक जानेवारी १९८० मध्ये. मधले सगळे महिने काळजीवाहू सरकार. त्या निवडणुकीला बायका ‘कांद्याची निवडणूक’ म्हणतात, इतका कांदा महागला होता. मोरारजींना ज्यांनी पाडले त्यांच्या हाती काय आले? तेलही गेले, तूपही गेले. इंदिराबाई ३५३ जागा घेऊन परत आल्या.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या आठवणीतली आहे. १९९९ साली मी एकोणीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन वाईला आलेली. १७ एप्रिलला वाजपेयींच्या सरकारचे मतदान होते. शेजारच्या काकूंच्या घरी दूरदर्शनपुढे सगळी आळी जमली होती. आकडे आले २६९ आणि २७०. एका मताने सरकार पडले! काकू म्हणाल्या, ‘एका मताने का कधी काही होते?’ आणि मग त्या वर्षभर एका मताचीच गोष्ट सांगत राहिल्या. पण पाडणाऱ्यांनी पुढे काय केले? काँग्रेसने २७२ जणांचा पाठिंबा असल्याचे सांगितले, समाजवादी पक्षाने नाही म्हटले, आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. मे महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली. माझा चुलतभाऊ तेव्हा फौजेत होता. आपल्या जिल्ह्यात अशी घरे कमी नाहीत. अपशिंगे गाव तर त्यावरूनच ओळखले जाते. सरकार काळजीवाहू असले तरी काम चालूच होते आणि लढाई जिंकलीही, हे कबूल करायला हवे. पण माझी चुलती रोज संध्याकाळी दारात बसून विचारायची, ‘सरकार आहे की पडले?’ तिला कायदा सांगून काय उपयोग? पावसाळ्याच्या अखेरीस मतदान झाले. ते माझे पहिले मत. पडलेल्या सरकारने मला मत दिले, असे मी थट्टेने म्हणते.

आता एक गोष्ट सांगू की नको असे झाले होते, पण सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका बचत गटात होते. आम्ही बाराजणी. अध्यक्षाबाई वही दाखवीत नसत. विचारले की ‘उद्या’. पाचजणी त्यांच्या बाजूच्या, चारजणी विरुद्ध, आणि आम्ही तिघी मध्ये. तिघींच्या टेकूवर त्यांचा कारभार चालला होता. एक दिवस मी ठरवले की पुरे झाले. आम्ही तिघी चौघींना मिळालो आणि सात विरुद्ध पाच मतांनी त्यांना काढले. काय तो आनंद! घरी येऊन मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, नवी अध्यक्षा कोण? चौघींची बाई आम्हा तिघींना नको होती. आम्ही सुचवलेली चौघींना नको. बँकेत सह्या जुन्याच बाईंच्या. नव्या सह्यांना ठराव हवा आणि ठरावाला सातजणींचे एकमत हवे. पाच महिने गट बंद. त्यातच एकीच्या यजमानांचे ऑपरेशन निघाले. तिचे स्वतःचे पैसे गटात, आणि तिला कानांतले गहाण टाकावे लागले. तिने माझ्याशी भांडण केले नाही, नुसती ओढा ओलांडून पलीकडच्या वाटेने जायला लागली. शेवटी वही उघडली तेव्हा हिशेब दोन नोंदी सोडून बरोबर निघाला. अक्षर एका लहान मुलाचे होते. अध्यक्षाबाईंना लिहिता येत नव्हते, नातवाकडून लिहून घेत होत्या. म्हणून वही दाखवायची लाज.

मला कुणी म्हणेल, मग वाईट कारभारही चालू द्यायचा काय? मुळीच नाही. हिशेब मागणे बरोबरच होते, आणि उद्याही मी मागेन. पण मागितला असता तर तेवढ्यावर भागले असते. आम्ही मागण्याआधीच पाडायला निघालो, आणि पाडल्यावर किल्ल्या कोणाकडे ते सातजणींनी एकदाही एकत्र बसून बोललो नव्हतो. दिल्लीतले लोक आमच्यापेक्षा शहाणे असतील, पण १९७९ आणि १९९९ साली ते आमच्याच गटासारखे वागले.

माझा मुलगा पुस्तकातून वाचून सांगतो की जर्मनीत १९४९ च्या घटनेतच याची सोय केली आहे. तिथे विरोधकांनी नुसते ‘नको’ म्हणून चालत नाही. त्याच ठरावात नवा माणूस बहुमताने निवडावा लागतो. १९८२ साली श्मिट यांना काढून कोल यांना असेच आणले, एका दिवसात, एकाच मतदानात. आपल्याकडे हे आणावे की नाही ते घटनापंडितांनी सांगावे. माझ्या मनात एक शंका राहतेच: विरोधकांचे एका नावावर एकमत होत नाही म्हणून नालायक सरकार वर्षानुवर्षे बसून राहिले तर? त्याचे उत्तर मला सापडलेले नाही. सासूबाईंना विचारले, तर म्हणाल्या, ‘आधी चहाला पाणी ठेव.’

चिटणीसबाई केव्हापासून घड्याळाकडे बोट दाखवीत आहेत, आणि वाळवणांवर बोलणाऱ्या ताईंची पाळी अजून व्हायची आहे. त्या कुरडया बरोबर घेऊन आल्या आहेत, त्यामुळे त्यांना जास्त वेळ द्यावा अशी माझी विनंती आहे.