आंब्यावरचे बांडगूळ : ओळखा आणि वेळीच काढा



दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या ऐतखाऊ माणसाला आपण बांडगूळ म्हणतो. पण ज्या झुडपावरून हा शब्द आला, ते आपल्याच आंब्यावर बसले आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही. लांबून पाहिले तर वाटते, फांदी कशी हिरवीगार आहे! त्या हिरवेपणाला फसू नका.

बांडगूळ आपल्याच मुलखातले झुडूप आहे. ते जमिनीत उगवत नाही, जिवंत झाडावर उगवते. त्याची फळे पिकली की फुलटोच्या नावाचा मुठीत मावेल एवढा पक्षी ती खातो. बी चिकट असते. ते पक्ष्याच्या विष्ठेतून फांदीला चिकटते आणि तिथेच रुजते. मग त्याची मुळे सालीतून आत लाकडात शिरतात आणि झाडाचे पाणी व क्षार ओढून घेतात. परिणामी बांडगुळाच्या पुढची फांदी उपाशी राहते, पाने बारीक पडतात, मोहोर कमी येतो आणि शेवटी फांदी वाळते. दुर्लक्ष केले तर सबंध झाड खंगते.

ओळखायचे कसे?

१) पान : आंब्याचे पान लांब, टोकदार, चुरगळले की आंब्याचा वास येतो. बांडगुळाचे पान जाड, रुंद, बोथट टोकाचे. त्याला तो वास नाही.
२) फूल : लांबट नळीसारखे, नारिंगी-तांबूस. हिवाळ्यात झाडावर असा रंग दिसला की समजा, हा आंब्याचा मोहोर नव्हे.
३) गाठ : जिथे बांडगूळ चिकटते तिथे फांदी सुजून गाठ होते. ही सर्वांत पक्की खूण.

दोन गोष्टींची गल्लत करू नका. पिवळ्या दोऱ्यांसारखी, बिनपानांची असते ती अमरवेल. आणि सीतेच्या वेणीसारखी आमरी सालीवर नुसती बसलेली असते, झाडातले काही घेत नाही. तिला हात लावू नका.

काढायचे कसे?

नुसता पाला ओरबाडून उपयोग नाही. आत राहिलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटते. शिवाय त्याची मुळे सालीवरून पुढे सरकून नव्या जागी आत शिरतात. म्हणून लहान फांदी असेल तर गाठीपासून खोडाच्या बाजूला सुमारे ३० सेंटिमीटर सोडून करवतीने कापा. मोठी फांदी कापणे परवडत नसेल, तर पटाशीने गाठ आणि आत शिरलेली मुळे कोरून काढा आणि त्या जागेवर पुढेही नजर ठेवा.

जखमेवर बोर्डो मलम लावा. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात, असे वेगवेगळे कालवा आणि मग एकत्र करा. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या, लोखंडाचे नको. तणनाशक किंवा रॉकेल ओतण्याच्या भानगडीत पडू नका. बांडगुळाबरोबर आंबाही जायचा.

फळे पिकण्याआधी काढले तर बी पसरत नाही. कापलेले बांडगूळ मातीत रुजत नाही. पाला शेळ्या खातात, पण झाडावर औषध फवारले असेल तर तो घालू नका.

रानातल्या बांडगुळाशी आपले वैर नाही. त्याच्या फुलांतला मध शिंजीर पक्षी पितात, काही फुलपाखरांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. वैर आहे ते बागेत आले की.

एक लक्षात ठेवा, पक्ष्याला बांध कळत नाही. तुम्ही काढले आणि शेजाऱ्याने ठेवले, तर दोन वर्षांत ते पुन्हा तुमच्याकडे हजर! म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकदा झाडे पाहून घ्या. रायवळ आंबा, चिकू, फणस, काहीही सोडू नका. वर चढणारा गडी जाणता असावा आणि त्याच्या कमरेला दोर असावा. झाड वाचवताना माणूस पडता कामा नये.