गुण, टक्के आणि पर्सेंटाइल



प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं एक प्रश्न हमखास ऐकूं येतो. "बारावीला ९० टक्के मिळविणाऱ्या मुलाला सीईटींत ७० च कसे?" असें आजोबा विचारतात, आणि नातवाला त्याचें उत्तर देतां येत नाहीं, म्हणून तो मान खालीं घालतो. वस्तुतः या दोन आकड्यांची तुलनाच होऊं शकत नाहीं. पहिला आकडा टक्क्यांचा आहे, दुसरा पर्सेंटाइलचा. हा भेद न कळल्यामुळें कित्येक घरांत विनाकारण दुःख होतें, आणि क्वचित् विनाकारण पेढेहि वाटले जातात. तेव्हां आज या भेदाचाच थोडा विचार करूं.

टक्के म्हणजे दर शेंकडा किती गुण मिळाले तें. पर्सेंटाइल हें गुणांचें प्रमाण नव्हे; तें रांगेंतील स्थान आहे. ७० पर्सेंटाइल याचा अर्थ, परीक्षेस बसलेल्या दर १०० विद्यार्थ्यांपैकीं सुमारें ७० जणांचे गुण या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. त्यानें निम्मे प्रश्न बरोबर सोडविले कीं त्याहून अधिक, याविषयीं हा आकडा कांहींच बोलत नाहीं.

मग सरळ गुणच कां सांगूं नयेत? याचें कारण परीक्षेच्या व्यवस्थेंत आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं होणारी जेईई मेन आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी या परीक्षा अनेक दिवस, अनेक पाळ्यांत घेतल्या जातात. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका निराळी असते, आणि ती कितीहि काळजीपूर्वक काढली तरी एकादी सोपी आणि एकादी अवघड व्हावयाचीच. समजा, सकाळच्या पाळीस ४०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांतील ३६,००० जणांना १२० किंवा त्याहून कमी गुण मिळाले. तर तेथें १२० गुणांचे ९० पर्सेंटाइल झाले. दुपारची पत्रिका अवघड निघाली, म्हणून तेथें तितकेंच स्थान १०५ गुणांनीं मिळालें. गुण पाहिले तर दुपारच्या मुलीवर अन्याय होतो; स्थान पाहिलें तर दोघे बरोबरीचे ठरतात. अर्थात् या हिशेबामागें एक गृहीत आहे: दोन्ही पाळ्यांतील विद्यार्थिसमुदाय एकंदरींत सारख्याच तयारीचे आहेत. पाळ्यांची वाटणी कोणत्याहि निवडीशिवाय झाली आणि संख्या मोठी असली, म्हणजे हें गृहीत बरेंच खरें ठरतें.

आतां रांगेची एक गंमत लक्षांत घ्यावी. रांगेच्या मध्यभागीं गर्दी दाट असते. तेथें चार-दोन गुण अधिक मिळाले तरी विद्यार्थी हजारों जणांना मागें टाकतो. शेवटच्या टोकाला गर्दी विरळ होते. तेथें अर्धा पर्सेंटाइल वाढविण्यासाठींहि पुष्कळ गुण लागतात. शिवाय ९९ हा आकडा ऐकावयास भव्य वाटतो. परंतु परीक्षेस १० लाख विद्यार्थी बसले असतील तर ९९ पर्सेंटाइलच्या पुढें सुमारें १०,००० जण उभे असतात. जेईई मेनचा पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढें सात स्थळांपर्यंत देतात, तो बरोबरी टाळण्यासाठीं. बुद्धि इतकी बारीक मोजतां येते, असा त्याचा अर्थ नव्हे. एकाद्या प्रश्नाचें उत्तर चुकलें किंवा बरोबर आलें, एवढ्यानेंहि हे दशांश पालटतात.

आकड्याला बुद्धीचें माप समजण्याचा मोह किती जुना आहे, हें अमेरिकेच्या इतिहासांत दिसतें. तेथील महाविद्यालयीन प्रवेशाची प्रसिद्ध परीक्षा एसएटी ही प्रथम २३ जून १९२६ रोजीं घेण्यांत आली. ८,०४० विद्यार्थी तीस बसले होते. ती रचण्याचें काम प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांजकडे होतें. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या ज्या बुद्धिचाचण्या झाल्या, त्यांच्या आधारें ब्रिगम यांनीं १९२३ सालीं एक ग्रंथ लिहून मानववंशांची बुद्धीच्या क्रमानें उतरंड लाविली होती. परंतु १९३० सालीं त्यांनीं स्वतःच आपले ते निष्कर्ष निराधार म्हणून मागें घेतले. एसएटी या नांवांतील मधलें अक्षर मूळ अंगच्या पात्रतेचें द्योतक होतें. आज त्या तीन अक्षरांना कोणताच विस्तार उरलेला नाहीं. परीक्षा राहिली, पण तिनें उपजत बुद्धि मोजते हा दावा सोडून दिला.

यावरून पालकांनीं काय घ्यावें? पहिली गोष्ट, निकाल हातीं आला कीं पर्सेंटाइलची तुलना बारावीच्या टक्क्यांशीं करूं नये. दुसरी, पर्सेंटाइलपेक्षां गुणवत्ताक्रमांक पाहावा, आणि मागील वर्षीं हव्या त्या महाविद्यालयांत, हव्या त्या शाखेस, कितव्या क्रमांकापर्यंत प्रवेश मिळाला तें शोधावें. प्रवेशाचा निर्णय त्यावर होतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जागा थोड्या आणि उमेदवार फार, म्हणून कोणाला तरी रांग लावावी लागते. ती न्यायानें लावण्याचें हें एक साधन आहे. त्या दिवशीं, त्या तीन तासांत, त्या विषयांत, इतरांच्या मानानें मूल कोठें उभें होतें, एवढेंच तें सांगतें. त्याची चिकाटी, हाताचें कसब, माणसांशीं वागण्याची रीत आणि पुढील चार वर्षांत तें काय शिकेल, यांपैकीं कशाचीहि नोंद त्या कागदावर नसते.

म्हणून निकालाच्या दिवशीं आकडा नीट वाचावा, त्याचा अर्थ मुलालाहि समजावून द्यावा, आणि मग पुढच्या वाटेचा विचार त्याच्यासह शांतपणें करावा.