दुखऱ्या गुडघ्यासाठी चाल आणि प्रकाश

पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा जास्त आढळते. जिना उतरताना कळ येते, म्हणून चालणं बंद होतं, आणि नुकसान तिथेच वाढतं. मांडीचे स्नायू अशक्त झाले, की सांध्यावर ताण येतो. २००५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन उतरलं, तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो! म्हणून मैत्रिणींनो, सपाट रस्त्यावर चाला, सायकल चालवा. बोलता येईल, पण गाता येणार नाही, एवढा वेग पुरे. सुरुवातीला दहा मिनिटंही चालतील.

आता प्रकाशाबद्दल. फिजिओथेरपीतला सौम्य लेझर लाल किंवा अवरक्त प्रकाश देतो. तो शेकत नाही. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियावर त्याचा परिणाम होतो, असं मानलं जातं. काही चाचण्यांत त्याने वेदना कमी झाल्या, मात्र योग्य मात्रा दिली तेव्हाच. झिजलेली कूर्चा त्याने भरून येते, असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे नुसत्या लेझरवर पैसे खर्चू नका, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. दुखणं उतरलं, की त्याच दिवसांत व्यायाम सुरू करा. गुडघा अचानक सुजून गरम लागला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.