बैकल तळ्याची गोष्ट



रात्री जेवणे झाली की मुले गोष्ट सांगा म्हणून पाठीस लागतात. राजाराणीच्या गोष्टी संपून जातात. आज आम्ही एका तळ्याची गोष्ट सांगतो. ती घरी जाऊन मुलांना सांगा. गोष्ट खरी आहे, बरं का!

हिमालयाच्या पलीकडे, दूर उत्तरेला रशिया देश आहे. त्याच्या सायबेरिया या थंड मुलखात हे तळे आहे. त्याचे नाव बैकल.

बैकल ६३६ किलोमीटर लांब आहे. आणि खोल किती? सांगा बरं! आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. बैकल १,६४२ मीटर खोल! एवढे खोल तळे जगात दुसरे नाही. बर्फ सोडला, तर जगातल्या नद्यातळ्यांच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या एका तळ्यात आहे.

हे तळे फार जुने आहे. त्याचे वय सुमारे अडीच कोटी वर्षे. तळी गाळाने भरतात, हे आपण पाहतोच. मग बैकल का भरले नाही? त्याच्याखालची जमीन हळूहळू फाकते आहे. तळ खचत जातो. म्हणून गाळ पडला, तरी तळे खोलच राहते.

बैकलला तीनशेच्या वर नद्या मिळतात. बाहेर पडते ती एकच, अंगारा. तिथले लोक म्हणतात, बैकल बाप आहे आणि अंगारा त्याची लाडकी लेक. ती येनिसेई नदीकडे पळून गेली. बापाने रागाने तिच्यामागे मोठा धोंडा फेकला. तो धोंडा अंगाराच्या तोंडाशी आहे, असे लोक दाखवतात.

आता तिथल्या प्राण्यांचे ऐका. सील हा समुद्रातला प्राणी. पण बैकलमध्ये नेर्पा नावाचा सील राहतो. समुद्र तर तिथून शेकडो कोस दूर! नेर्पा जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. हिवाळ्यात तळे गोठते. वरून मोटारी जातात, एवढा बर्फ जाड होतो. तेव्हा नेर्पा नखांनी बर्फाला भोके पाडतो आणि तिथे येऊन श्वास घेतो. त्याची पिल्ले बर्फातच जन्मतात. ती पांढरीशुभ्र असतात.

गोलोम्यांका नावाचा एक मासा आहे. त्याच्या अंगातून पलीकडचे दिसते. तो अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो.

पण खरी कामकरी आहे एक तिळाहून लहान जीव. त्याचे नाव एपिशुरा. असे अगणित जीव पाणी गाळून त्यातले बारीक शेवाळ खातात. बैकलचे पाणी स्वच्छ राहते, त्याला यांचा मोठा हातभार आहे. पाणी नितळ असले, तर चाळीस मीटर खालचेही दिसते.

आता वाईट गोष्ट. १९६६ साली काठावर कागदाचा लगदा करण्याचा कारखाना सुरू झाला. त्याचे सांडपाणी तळ्यात जाऊ लागले. शहाण्या लोकांनी विरोध केला. पण कारखान्यावर हजारो लोकांचे पोट होते. वाद चालत राहिला. १९९६ साली बैकलला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, तरी कारखाना चालूच होता. तो २०१३ साली बंद झाला. कामगारांची रोजी गेली, तेही दुःखच.

काठावरच्या गावांचा आणि प्रवाशांचा मैला मात्र पाण्यात येतच राहिला. काठाला हिरवे शेवाळ माजले. ओमूल नावाचा चवदार मासा फार कमी झाला. २०१७ साली सरकारने धंद्यासाठी ओमूल धरण्यावर बंदी घातली.

एपिशुरा शेवाळ गाळते. माणसाची सगळी घाण ती कशी गाळणार?

मंडळी, गोष्ट संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारा. एवढ्या मोठ्या तळ्याचा काठ नासतो, मग आपल्या विहिरीशेजारी उकिरडा असावा काय? मुले काय म्हणतात, ते ऐकून घ्या. आणि सकाळी त्यांना घेऊन विहिरीवर जा.