सार्वजनिक आवारातील कुंड्या आणि बाक

इमारतीचे आवार, पदपथ, रुग्णालयाचे अंगण किंवा कार्यालयाच्या पोडियमवरची बाग आखली जाते तेव्हा मोठ्या कुंड्या आणि बसायचे बाक यांची निवड बहुधा सर्वांत शेवटी होते. फरशी बसलेली असते, दिवे लागलेले असतात आणि अंदाजपत्रकात जे काही उरले असेल त्यात कॅटलॉग चाळून या वस्तू मागवल्या जातात. प्रत्यक्षात ते आवार लोक वापरतात की ते ओस पडते, हे बरेचसे याच दोन गोष्टींवर ठरते. कुंडीचा विचार मुळांपासून सुरू व्हावा लागतो, बाकाचा बसणाऱ्याच्या शरीरापासून. आकार, रंग आणि शैली हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

महाराष्ट्रातल्या जुन्या बांधकामात या दोन्हींची चांगली उत्तरे सापडतात. अंगणातले तुळशीवृंदावन ही पक्की बांधीव कुंडीच आहे. ती उंच असते, त्यामुळे माती पायदळी येत नाही आणि पाण्याचा निचरा होतो. उघड्यावर असल्याने तिला ऊन मिळते आणि रोजच्या पूजेमुळे पाणी चुकत नाही. वडा-पिंपळाभोवतीचा पार त्याहून हुशार आहे, कारण झाड जमिनीतच वाढते आणि त्याच्या सावलीत योग्य उंचीची बैठक मिळते. आजचे अनेक पार मात्र झाडाला मारक ठरतात. खोडाला टेकेपर्यंत सिमेंट ओतले जाते किंवा पाराची उंची वाढवण्यासाठी बुंध्याभोवती माती भरली जाते. मुळांना हवा मिळेनाशी होते, गाडला गेलेला बुंधा ओलाव्याने कुजतो आणि काही वर्षांनी वादळात झाड आडवे झाले की दोष वाऱ्याला दिला जातो. पार नव्याने बांधताना खोडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी सोडावी आणि जमिनीची मूळ पातळी बदलू नये.

हलवता येणाऱ्या मोठ्या कुंडीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना फ्रान्समधल्या व्हर्सायचा. चौदाव्या लुईसाठी झ्युल आर्दुआं-मान्सार या वास्तुकाराने १६८४ ते १६८६ या काळात तिथे संत्र्यांसाठी भव्य हिवाळी दालन बांधले. संत्री, लिंबू, डाळिंब, कण्हेर अशी थंडी न सोसणारी झाडे लाकडी पेट्यांत लावून हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर नेली जातात; आजही तिथे हजाराहून अधिक झाडांची अशी ने-आण होते. या पेटीची खुबी तिच्या उघडणाऱ्या बाजूंत आहे. बाजू उघडून मुळे छाटता येतात आणि माती बदलता येते, म्हणून तेच झाड त्याच पेटीत अनेक दशके जगते. आज बाजारात याच आकाराच्या शोभेच्या पेट्या मिळतात. त्यांच्या बाजू बहुतेकदा कायमच्या जोडलेल्या असतात, म्हणजे आकार उचलला जातो आणि उपयोग मागे राहतो.

कुंडी गच्चीवर किंवा पोडियमवर जाणार असेल तर पहिला हिशेब वजनाचा. पाण्याने भिजलेली साधी बागेची माती घनमीटरला सुमारे १,८०० किलो भरते. ६० सेंटिमीटर खोल मातीचा भार त्या हिशेबाने दर चौरस मीटरला हजार किलोच्या पुढे जातो, आणि यात कुंडीचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात लोकांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी धरलेला चल भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो आहे. या दोन आकड्यांतले अंतर इतके मोठे आहे की जुन्या इमारतीच्या गच्चीवर संरचना अभियंत्याला न विचारता रांगेने मोठ्या कुंड्या मांडणे धोक्याचेच मानले पाहिजे. कोकोपीट, परलाइट आणि शेणखताच्या हलक्या मिश्रणाने भार बराच कमी होतो, पण तेही भिजल्यावर जड होते. हिशेब नेहमी ओल्या वजनाचा करावा, कोरड्या पोत्याचा नव्हे. ज्या थोड्या कुंड्या ठेवायच्या त्या स्तंभ आणि तुळया जिथे आहेत तिथे ठेवल्या तर स्लॅबच्या मध्यावर ताण येत नाही. नव्या प्रकल्पात झाडांच्या जागा संरचनेचा आराखडा होण्याआधीच ठरलेल्या असाव्यात.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि याबाबत एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, असे माळी सांगतात आणि पुस्तकेही सांगत आली. घडते उलटे. मातीच्या बारीक कणांमध्ये पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. बारीक मातीतून भरड खडीत ते सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजल्यावरच खाली गळू लागते. त्यामुळे कोणत्याही कुंडीत मातीच्या सर्वांत खालच्या भागात काही सेंटिमीटरचा थर चिंब राहतो. त्याची जाडी मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या आकारावर नाही. खडी भरली की हा चिंब थर वर सरकतो आणि मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर माती कमी होते. समजा, एखाद्या मिश्रणात हा थर ८ सेंटिमीटरचा आहे. १६ सेंटिमीटर खोल कुंडीतली निम्मी माती सदैव ओली राहील, तर ६४ सेंटिमीटरच्या कुंडीत जेमतेम आठवा भाग. म्हणून उथळ, पसरट कुंड्या दिसायला देखण्या असल्या तरी कोकणच्या पावसाळ्यात त्यांतली झाडे मुळांपाशी कुजतात. उपाय तीन. कुंडी खोल घ्यावी, मिश्रण भरड ठेवावे आणि तळाच्या भोकांवर माती अडवणारे जिओटेक्स्टाइलचे कापड घालावे. पोडियमवरच्या लांबलचक बांधीव कुंडीत तळाशी प्लॅस्टिकची निचरा-जाळी घालतात, ती मात्र वेगळ्या कामासाठी असते. गळून आलेले पाणी आडवे वाहून दूरच्या नळापर्यंत पोहोचवणे हे तिचे काम. तो नळ वरून उघडून साफ करता आला पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत मुळांनी बुजतो आणि खालच्या वाहनतळात गळती सुरू होते.

साचलेले पाणी माणसांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत होतो, आणि सुकलेल्या ताटलीला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. सार्वजनिक आवारात म्हणूनच कुंडीखाली ताटली ठेवू नये. कुंडी बुटक्या पायांवर उचलावी आणि पाणी थेट गटाराच्या उतारावर जाऊ द्यावे. तळाशी पाण्याचा साठा असलेल्या कुंड्या घ्यायच्या झाल्यास भरण्याच्या नळीवर आणि जादा पाण्याच्या तोंडावर बारीक जाळी हवी.

भरण्याच्या मातीबद्दल थोडक्यात. पठारावरची काळी माती सुपीक असली तरी कुंडीत नको: ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. लाल मातीत भरड वाळू, कोकोपीट आणि कुजलेले शेणखत मिसळून केलेले मिश्रण बरे. हिरवळीला १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते, झुडपांना ४५ ते ६०, आणि लहान झाडाला मीटरभर तरी द्यावी.

उष्णतेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. जमिनीतल्या मुळांना सभोवतालच्या मातीचे आवरण असते, कुंडीतली मुळे भिंतीला चिकटलेली असतात. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. तिथे काळ्या रंगाच्या पातळ पत्र्याच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी मुळे भाजून काढते, आणि झाडाला पाणी कमी पडले असे समजून माळी आणखी पाणी घालतो. जाड भिंत, फिका रंग आणि कुंड्यांची एकमेकांवर सावली पडेल अशी मांडणी यांनी हे टळते.

सामग्रीची निवड याच कारणांवरून व्हावी. ओतीव काँक्रीट जड आहे, म्हणून ते रस्त्याच्या कडेला वाहने अडवण्याच्या कामी उत्तम आणि गच्चीवर निरुपयोगी. काचतंतूंनी बळकट केलेल्या सिमेंटची भिंत एक-दीड सेंटिमीटरची असली तरी चालते. मात्र त्यातली काच झिर्कोनियायुक्त, अल्कली सोसणारी असावी लागते, कारण साधी काच सिमेंटमधल्या अल्कलीने खाल्ली जाते. फायबरच्या कुंड्या हलक्या असतात, पण हलका माल उन्हाने पांढुरका पडतो. किनाऱ्यालगत लोखंडाची परीक्षाच होते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत समुद्राजवळ ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरही तपकिरी डाग येतात. दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेला ३१६ दर्जा तिथे हवा. गंजाचा थर हाच संरक्षक लेप ठरावा अशा कॉर्टेन पोलादाची सध्या वास्तुरचनाकारांना ओढ आहे. खाऱ्या, सतत दमट हवेत तो थर स्थिरावत नाही आणि त्याचे ओघळ फरशीवर कायमचे उतरतात. कोरड्या पठारावर ते शोभून दिसते, चौपाटीवर नाही.

बाकाच्या बाबतीत विल्यम एच. व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाचे काम पायाभूत आहे. न्यूयॉर्कमधल्या चौकांचे चित्रीकरण करून त्याने माणसे कुठे बसतात हे मोजले आणि १९८० साली ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हे पुस्तक लिहिले. बसायला जागा असते तिथे लोक बसतात, इतका साधा त्याचा निष्कर्ष. पण त्याच्या या निरीक्षणांपूर्वी तो कोणी नियमात आणला नव्हता. १९७५ साली त्या शहराने मोकळ्या चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक केली. १९६७ साली उघडलेल्या पेली पार्कमधल्या सुट्या खुर्च्यांबद्दलचे निरीक्षणही मोलाचे आहे. माणूस बसण्याआधी खुर्ची थोडी तरी सरकवतो, मग ती दोन इंचच का असेना. जागा आपण निवडली हे समाधान त्यात असते. जिथे पहारा असतो, उदाहरणार्थ ग्रंथालयाच्या किंवा रुग्णालयाच्या अंगणात, तिथे सुट्या खुर्च्या अवश्य ठेवाव्यात.

मराठी शहरांना हे ज्ञान कट्ट्यांनी आधीच दिले आहे. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा मरीन ड्राइव्हची समुद्राकडची भिंत बाक म्हणून विकत घेतलेली नाही, तरी हजारो माणसे तिथे रोज बसतात. बांधीव कुंडीची कड ४० ते ४५ सेंटिमीटर उंच आणि तेवढीच रुंद ठेवली की वेगळा खर्च न करता कट्टा मिळतो. तिच्यात काटेरी झाडे आणि कण्हेर मात्र नको; कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि कट्ट्यावर मुले येतातच.

वृद्धांसाठी कट्टा पुरेसा नाही. त्यांना पाठ आणि हात असलेला बाक लागतो, कारण उठताना हातावर जोर द्यावा लागतो. बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास उंच हवी. फार खोल बैठकीतून उठणे गुडघ्यांना जड जाते. शेजारी चाकाच्या खुर्चीएवढी, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर रुंद जागा मोकळी ठेवावी. झोपणाऱ्यांना हुसकावण्यासाठी मध्ये लोखंडी दांडे घालण्याची प्रथा क्रूर आहे आणि तिने थकलेल्या प्रत्येकाचीच गैरसोय होते.

बाकाची जागा सावलीवरून ठरवावी. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात त्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, तेव्हा सावली झाडाच्या बरोबर खाली असते. दुपार कलली की ती पूर्वेकडे लांबते. संध्याकाळी वापरायचा बाक म्हणूनच झाडाच्या किंवा इमारतीच्या पूर्वेला हवा. लोकप्रतिनिधींच्या निधीतून येणारे, पाठीवर नाव रंगवलेले सिमेंटचे बाक पुष्कळदा भर उन्हात, रस्त्याकडे पाठ किंवा भिंतीकडे तोंड करून मांडलेले दिसतात. पैसा खर्च होतो आणि म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पदपथावर यांपैकी काहीही ठेवताना चालणाऱ्याचा हक्क पहिला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार किमान १.८ मीटर रुंदीची वाट अडथळ्याविना राहिली पाहिजे. कुंड्या, बाक, दिव्यांचे खांब, कचरापेट्या हे सारे कडेच्या एकाच पट्ट्यात यावे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या रुंदावलेल्या पदपथावर अशी विभागणी करून बैठकी आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा केल्या, त्यामुळे चालणारे आणि बसणारे एकमेकांच्या आड येत नाहीत. अंधांसाठीच्या उठावाच्या फरशीवर कुंडी येता कामा नये, आणि वर रुंद, खाली निमुळती कुंडी तर पदपथावर नकोच. काठी पायथ्याला लागण्याआधी कड शरीराला लागते.

शेवटी निविदेचा मजकूर. पुरवठ्याबरोबर किमान दोन वर्षांची देखभाल त्यात धरावी. सेंद्रिय भाग कुजून कुंडीतली माती खचते, म्हणून दर मे महिन्यात मिश्रण भरणे आणि निचऱ्याची भोके मोकळी करणे ही कामे स्वतंत्र बाब म्हणून लिहावीत. ठिबकची नळी कुंडीच्या आतून नेलेली असावी, बाहेरून लोंबणारी नळी महिनाभरही टिकत नाही. सागवानी पट्ट्या ओल्या मातीला किंवा जमिनीला टेकू नयेत आणि त्या खिळ्यांऐवजी बोल्टने बसवाव्यात. एक पट्टी तुटली म्हणून अख्खा बाक भंगारात जाण्याची वेळ मग येत नाही. प्रत्येक नमुन्याच्या चार-पाच जादा पट्ट्या आणि बोल्ट भांडारात असले की आवारातला सुतार ती दुरुस्ती त्याच दिवशी करतो.